दोन तबकड्या नकोत, गाणं सापडू दे

साऊंडचं सामान विकणाऱ्या एका पार्टीला डीजेंसाठी मोबाईल अ‍ॅप करून हवं होतं. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव या पट्ट्यातले, लग्नाच्या आणि गणपतीच्या सुपाऱ्या घेणारे डीजे. मी पुण्यात अ‍ॅपची मांडणी करण्याचं काम करते. कुठलं बटण कुठे, ते दाबल्यावर काय व्हायचं, हे ठरवायचं, कच्चा नमुना माणसांच्या हातात द्यायचा आणि गप्प बसून बघायचं, असं ते काम. कोड लिहायला एक जुना मित्र तयार झाला. त्याला ध्वनीच्या प्रोग्रॅमिंगचं वेड, आणि मी लहानपणी तबल्याच्या क्लासला जायचे. एवढ्या भांडवलावर आम्ही काम घेतलं.

पार्टीने नमुना म्हणून दाखवलेली अ‍ॅप्स सगळी एकाच तोंडवळ्याची होती. फोन आडवा, शेजारी शेजारी दोन गोल तबकड्या, मधे क्रॉसफेडर (एका गाण्यातून दुसऱ्यात नेणारा आडवा दांडा), आणि उरलेल्या जागेत कोंबलेली बटणं. या तोंडवळ्यामागे इतिहास आहे. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारं यंत्र, १९७२ मध्ये आला, १९७९ च्या मार्क टू आवृत्तीत त्याला पिचचा, म्हणजे वेग कमी-जास्त करायचा, सरकता दांडा बसला आणि जगभरच्या डीजेंचा हात त्यावर तयार झाला. २००१ मध्ये पायोनियरने सीडीजे-१००० काढला, तेव्हा सीडी वाजवणाऱ्या यंत्रावरही मुद्दाम तबकडीसारखं चाक ठेवलं, म्हणजे तो तयार हात वाया जाऊ नये. पुढे २०१० मध्ये आयपॅडवर डीजेंची अ‍ॅप्स आली आणि तीच तबकडी काचेवर रंगवली गेली. आयपॅडवर ते खपून गेलं. फोनवर मात्र ती तबकडी जेमतेम पाच सेंटिमीटरची उरते. खरी विनाइलची रेकॉर्ड तीस सेंटिमीटरची. तिला वजन असतं, बोटाखाली ती अडते आणि सोडली की वेग घेते. काचेवर यातलं काहीच नाही. तरी पार्टीचा आग्रह होता की तबकड्या हव्यातच, त्याशिवाय ते डीजेचं अ‍ॅप वाटणार नाही. मी म्हटलं, आधी तुमच्या गिऱ्हाइकांबरोबर दोन-चार वराती फिरू द्या, मग ठरवू.

डीजेच्या गाडीवर उभं राहिल्याशिवाय हे काम कळत नाही. टेम्पोवर रचलेले टॉप आणि बेसचे स्पीकर, मागे जनरेटरची ट्रॉली, आणि या सगळ्याच्या मधल्या खोबणीत ऑपरेटर उभा. समोर लॅपटॉप, त्याला जोडलेला तबकड्या-बटणांचा कंट्रोलर, शेजारी मिक्सर. सुरुवातीला मला ‘मॅडम’ म्हणत स्टूल दिलं गेलं. दुसऱ्या सुपारीला मी ‘ताई’ झाले आणि केबल धरायला मिळाली. वरात साडेसातला निघणार असं ठरलेलं असतं, ती निघते पावणेनऊला आणि दहाला साऊंड बंद करायचा असतो. म्हणजे खरा धंदा तास-सव्वातासाचा. त्या वेळात ऑपरेटर स्क्रीनकडे फारच कमी बघतो. त्याची नजर पब्लिकवर असते. कोण नाचतंय, कोण नुसतं उभं आहे, नवरीकडचे मामा कुठे गेले, पुढे रस्ता अरुंद होतोय का, विजेची तार आडवी येते का. पब्लिक थंड पडतेय हे त्याला आपल्या आधी कळतं. गाणं बदलायचं हे त्याचं ठरतं खांद्यांच्या हालचालीवरून.

आणि इथेच तो अडतो, कारण पुढचं गाणं सापडत नाही.

हे मला पहिल्याच वरातीत दिसलं, नंतर प्रत्येक ठिकाणी दिसलं. एक पोरगा गाडीवर चढतो, ऑपरेटरच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतो, “भाऊ, ते लाव ना, ते नाखवावालं!” ऑपरेटर एका हाताने मिक्सरवरचा बेस सांभाळत दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर टाइप करतो. यादीत तीन-चार हजार फायली. त्यांची नावं कुणी दिलेली? ज्याने मिक्स केलं त्याने, ज्या साइटवरून उतरवलं तिने, आणि व्हॉट्सअ‍ॅपने. एका गाण्याचं नाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं, पुढे ‘न्यू’, मागे ‘फायनल’, मग पुन्हा ‘फायनल’, शेवटी कुण्या डीजेचं नाव आणि बिटरेट, म्हणजे फायलीच्या दर्जाचा आकडा. ‘ळ’ रोमनमध्ये कुणी एका एलने लिहितं, कुणी दोन एलने. ‘व’साठी कुणी व्ही वापरतं, कुणी डब्ल्यू. ऑपरेटर एक स्पेलिंग टाकतो, काही येत नाही. दुसरं टाकतो, भलतंच येतं. तोवर चालू गाणं शेवटच्या कडव्यावर आलेलं. शेवटी तो हाताशी असलेलं काहीतरी लावून देतो, आणि पोरगा तोंड वाकडं करून उतरतो.

मग लक्षात आलं की फोनही प्रत्येकाच्या हातात आहेच. नवी गाणी फोनवर येतात, तिथून पेनड्राइव्हवर, तिथून लॅपटॉपवर. लॅपटॉप लटकला किंवा जनरेटर दमला की फोनला केबल लावून गाणं चालू ठेवतात. म्हणजे फोन हा डीजेचा दुसरा, राखीव हात. त्याला कंट्रोलरची नक्कल करायला लावण्यात अर्थ नव्हता. त्याने गाणं शोधावं, कानात ऐकवावं, आणि वेळ आली तर एका गाण्यातून दुसऱ्यात नीट न्यावं. पार्टीला हे पटवायला एक वरात पुरली. मालक स्वतः आले होते आणि त्यांच्यासमोरच फर्माईश सापडेना.

कागदाचा नमुना करण्याआधी मी गाण्यांची नावं जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिली आणि ऑपरेटरांना सांगितलं, तुम्हाला हव्या तशा गड्ड्या करा. मला वाटलं होतं कोळीगीतं, लावण्या, भीमगीतं, हिंदी, असे ढीग पडतील. काही पडलेही. पण खरी मजा बाकीच्या ढिगांत होती. एकाने एक गड्डी ‘बायकांची’ म्हणून काढली, म्हणजे ही लावली की बायका नाचायला पुढे येतात. दुसऱ्याची ‘एंट्री’, तिसऱ्याची ‘शेवटची दहा मिनिटं’. मंचरकडच्या एकाने चार-पाच चिठ्ठ्या बाजूला सारल्या आणि म्हणाला, “ही भांडणाची.” काही गावांत ही गाणी वाजली की दोन गट अंगावर येतात, म्हणून गाव कुठलं ते बघून तो ती यादीतूनच लपवतो. असला कप्पा कुठल्याही तयार अ‍ॅपमध्ये मिळणार नाही. तेव्हाच ठरलं की गाण्यांचे प्रकार आम्ही द्यायचे नाहीत. ऑपरेटरने स्वतःचे कप्पे पाडावेत, त्यांना हवी ती नावं द्यावीत, आणि एखादा कप्पा आजच्या रात्रीपुरता बंद करता यावा.

कागदी नमुना म्हणजे फोनच्या आकाराचे छापील कागद, एका बंद पडलेल्या फोनच्या काचेवर चिकटवलेले. जागा साऊंडच्या गोडाऊनची, बेसच्या खोक्यांच्या मधली. ऑपरेटर कागदावर बोट ठेवायचा, मी पुढचा कागद सरकवायची आणि मित्र कोपऱ्यात लॅपटॉपवर ते गाणं खरोखर वाजवायचा. वाचायला पोरखेळ वाटेल, पण खर्च झेरॉक्सचा आणि उत्तर लगेच मिळतं. इथे जे दिसलं त्याने सगळी मांडणी उभीची आडवी, म्हणजे खरं तर आडवीची उभी झाली. ऑपरेटर फोन डाव्या हातात उभा धरतात, कारण उजवा हात मिक्सरच्या बटणावरून हलत नाही. आडवा फोन धरायला दोन हात लागतात आणि दोन हात मोकळे कधीच नसतात. म्हणजे सगळं काही डाव्या अंगठ्याच्या टप्प्यात हवं. डाव्या हाताच्या अंगठ्याला उजवा वरचा कोपरा गाठायला पंजा सैल करावा लागतो, आणि हलत्या टेम्पोवर पंजा सैल केला की फोन गेला.

मग स्क्रीन अशी बसली. वर पातळ पट्टीत चालू गाणं, त्याच्या आवाजाची लहर आणि उरलेला वेळ मोठ्या आकड्यात. त्याखाली पुढचं गाणं. मधे यादी. अगदी तळाशी, डावीकडे, गाणं बदलायचा सरकता दांडा. अँड्रॉइडच्या मांडणीचे नियम बोटासाठी किमान ४८ डीपी (डीपी हे स्क्रीनवरचं माप) जागा ठेवायला सांगतात, आयफोनचे ४४ पॉइंट. खुर्चीत बसलेल्या माणसाला ते पुरेसं आहे. आम्ही यादीतल्या ओळी त्याच्या दीडपट उंच केल्या. एका वेळी गाणी कमी दिसतात, अशी कुरकूर झाली. चुकीचं गाणं लागण्यापेक्षा ते बरं, असं उत्तर ऑपरेटरांनीच एकमेकांना दिलं.

शोधाचं गणित मित्राने सोडवलं आणि माझ्या मते अ‍ॅपमधली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. फायलीचं नाव आत आलं की त्यातून बिटरेट, साइटचं नाव, ‘न्यू’, ‘फायनल’, ‘मिक्स’ असला केरकचरा गाळायचा. उरलेल्या शब्दांचा सांगाडा करायचा. पहिलं अक्षर ठेवायचं, पुढचे स्वर काढून टाकायचे, जोडून आलेली दोन सारखी अक्षरं एक मानायची, व्ही आणि डब्ल्यू एक, एस आणि एसएच एक. टाइप केलेल्या शब्दाचाही तसाच सांगाडा करायचा आणि दोन सांगाडे ताडून बघायचे. देवनागरीत लिहिलं तरी आधी रोमन करून तोच रस्ता. नाखवा कसाही लिहा, न-ख-व सापडतो. बोलून शोधायची सोय पार्टीला हवी होती. गाडीवर, बेसच्या शेजारी, फोनच्या माईकला माणसाचा आवाज वेगळा काढता येत नाही. ती सोय घरी यादी लावताना चालेल म्हणून ठेवली, वरातीच्या स्क्रीनवरून काढली.

इथवर ठीक होतं. खरी घासाघीस सुरू झाली ती आवाज आल्यावर.

फिग्मा या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये बोटाने फिरवता येतील अशा स्क्रीन पटकन होतात. पण त्यात एका वेळी एकच बोट, आणि आवाज हवा तर व्हिडिओ चिकटवायचा. दोन गाणी एकमेकांत मिसळणारा नमुना त्यात होणं शक्य नव्हतं. म्हणून मांडणी फिग्मात आणि आवाज अँड्रॉइडवर थेट कोड लिहून, असे दोन नमुने शेजारी शेजारी चालवले. आयफोन घेतला नाही, कारण आम्ही भेटलो त्या ऑपरेटरांचे फोन जवळपास सगळे अँड्रॉइडचे, मध्यम किमतीतले.

आवाजाच्या कामात अँड्रॉइडची जुनी बदनामी आहे. बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंत जाणवण्याइतका वेळ जायचा आणि प्रत्येक फोनवर वेगळा. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर एऑडिओ ही आवाजाची नवी यंत्रणा आली, त्यावर गुगलने ओबो नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, दिला आणि परिस्थिती सुधारली. आवाजाचे सेकंदाला ४८,००० तुकडे (सॅम्पल) या दराने १९२ तुकड्यांचा घास, म्हणजे फोनला एका वेळी भरवायचा आवाज, ४ मिलिसेकंदांचा. कागदावर छान. स्वस्त फोन एवढे छोटे घास घेऊ शकत नाही, मधेच उपाशी राहतो आणि स्पीकरमधून कटकट ऐकू येते. टॉपमधून आलेली कटकट म्हणजे सुपारी गेलीच. मित्राने घास मोठे केले, उशीर वाढला, आणि आम्ही तो मुद्दाम वाढू दिला. पुढचं गाणं कुठल्या ठोक्यावर सुरू करायचं हे अ‍ॅपला आधीच माहीत असेल, तर ठरावीक उशीर हिशेबात धरून गाणं तेवढं आधी सोडता येतं. कधी वीस, कधी साठ असा लहरी उशीर मात्र कशानेच भरून निघत नाही. म्हणून अ‍ॅप पहिल्यांदा उघडताच फोनची तपासणी करतं आणि त्या फोनला झेपेल तो घास कायमचा ठरवून टाकतं.

ब्लूटूथचं तर नावच नको. त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर ५०० मिलिसेकंद, म्हणजे तिसरा हिस्सा ठोका हवेतच. काही ऑपरेटर घरी ब्लूटूथ स्पीकरवर अ‍ॅप लावून बघायचे आणि फोन करायचे की मेळ बसत नाही. आता ब्लूटूथ जोडला की अ‍ॅप कानाने ठोका जुळवायचं बटण बंद करतं आणि तसं सांगतं.

कानात आधी ऐकायचं आणि बाहेर दुसरंच वाजू द्यायचं, हे एका फोनमधून करायला जुनी युक्ती आहे. स्टिरिओचा डावा भाग मिक्सरला, उजवा हेडफोनला. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत त्यासाठीची वाय केबल करून मिळते. दोन्हीकडे आवाज मोनो होतो, पण रस्त्यावरच्या भिंतीसारख्या रचलेल्या साऊंडला स्टिरिओचं कौतुक कुणाला? अडचण झाली ती नव्या फोनची. त्यांना हेडफोनचं भोकच नाही. टाइप-सी चा जोड लावावा लागतो, आणि तो लावला की चार्जिंग बंद. त्यामुळे बॅटरी किती खाल्ली जाते हा आमच्यासाठी अचानक मोठा विषय झाला. हलणाऱ्या लहरीचं सुंदर रंगीत चित्र होतं माझं, ते सेकंदाला साठ वेळा रंगवण्याऐवजी तीस वेळा रंगवायला लागलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता ठोका. गाण्याचा वेग ओळखणाऱ्या तयार लायब्ऱ्या आहेत. लिब्रोसा ही त्यातली प्रसिद्ध. ती शोधाची सुरुवात १२० बीपीएमच्या अंदाजाने करते, आणि दुप्पट की निम्मा असा संशय आला की त्या अंदाजाच्या जवळचं उत्तर उचलते. चार ठोक्यांच्या, यंत्रावर केलेल्या नाचाच्या संगीताला हे बरोबर लागू पडतं. आमच्या यादीत मात्र ढोलकी होती, हलगी होती, संबळ होतं. केरव्याच्या आठ मात्रांत यंत्र कधी निम्म्या वेगाचं उत्तर द्यायचं, कधी दुपटीचं. दादऱ्याच्या सहा मात्रांत तर ते तीनाच्या जागी दोन मोजायचं, आणि चार ठोक्यांचा लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, लावला की तो आवर्तनाच्या मधेच तुटायचा. ऐकताना ठेच लागते अगदी. तबल्याच्या क्लासमध्ये सरांनी हातावर टाळी-खाली मोजायला लावली होती ती इथे कामी आली. आम्ही निम्मं, दुप्पट आणि दीडपट अशी तीन छोटी बटणं दिली आणि शेजारी नुसतं बोटाने ठेका धरायची जागा. ऑपरेटर मशीनचं उत्तर बघतच नाहीत, सरळ चार-आठ वेळा बोट आपटतात आणि बरोबर आकडा आणतात.

जुन्या गाण्यांचं आणखी वेगळं. ठोके मोजून देणारा मेट्रोनोम कानात घेऊन वाजवण्याची पद्धत रुळण्याआधीची ध्वनिमुद्रणं ही माणसांनी एकत्र बसून वाजवलेली. ती रंगात आली की वेग वाढतो. एक जुनं लोकगीत आम्ही मोजलं, ते ११२ ला सुरू होऊन ११८ ला संपत होतं. ठोके दाखवायला गाण्यावर समान अंतराच्या रेघा ओढणारं सॉफ्टवेअर इथे दुसऱ्या कडव्यापर्यंत भरकटतं. उपाय एकच, रेघा समान अंतरावर न ठेवता दर काही मात्रांनी पुन्हा जुळवणं. यंत्राने जुळवायचं आणि माणसाने दुरुस्त करायचं. ही दुरुस्ती वरातीत होणार नाही, ती दुपारी घरी, चहा पीत व्हायची. म्हणून अ‍ॅपचे दोन भाग पडले, तयारीचा आणि वाजवण्याचा. वाजवण्याच्या भागात दुरुस्तीची एकही कळ दिसत नाही.

वेग बदलला की सूरही बदलतो, हे दुसरं दुखणं. ११२ चं गाणं १२४ ला न्यायचं तर वेग जवळपास अकरा टक्के वाढतो आणि सूर पावणेदोन सेमिटोन वर चढतो (पेटीवरच्या लागून असलेल्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक सेमिटोन). काळी एकचं गाणं जवळजवळ काळी दोनला जातं, आणि गाणाऱ्या बाईचा आवाज चिमणीचा होतो. सूर तसाच ठेवून वेग वाढवायला साऊंडटच, रबर बँड अशा लायब्ऱ्या आहेत. पण त्यांचं गणित जड, आणि ढोलकीच्या थापेची धार त्यात बोथट होते. मित्र आणि मी यावर भांडलो. त्याचं म्हणणं, आवाज चांगला हवा तर फोन तापू दे. माझं म्हणणं, उन्हात टेम्पोच्या टपावर ठेवलेला फोन आधीच तापलेला आहे. शेवटी वेगात चार टक्क्यांपर्यंत फरक असेल तर सूर चढू द्यायचा, त्यावर गेला तरच हे गणित चालू करायचं, असं ठरलं. चार टक्के म्हणजे पाऊण सेमिटोनच्याही आत. वरातीत ते कुणी पकडत नाही. मैफलीचं अ‍ॅप असतं तर मी हे मान्य केलं नसतं.

एक गोष्ट खूप छळून गेली. काही गाण्यांत, गाणं कुठून सोडायचं, ठोका कुठे, याच्या खुणा लॅपटॉपवर अचूक असायच्या आणि फोनवर किंचित पुढे-मागे. फरक दर वेळी तेवढाच, साधारण २६ मिलिसेकंद. मित्र फोनच्या उशिरात शोधत बसला होता. कारण निघालं एमपीथ्रीच्या पोटात. या फायलीत आवाज १,१५२ सॅम्पलच्या चौकटींत भरलेला असतो आणि सेकंदाला ४४,१०० च्या दराने एक चौकट जवळपास २६ मिलिसेकंदांची. पुष्कळ फायलींत पहिली चौकट आवाजाची नसतेच, तिच्यात फायलीची माहिती असते. काही सॉफ्टवेअर ती वगळतात, काही ती शांतता समजून वाजवतात. तेवढ्याने सगळ्या खुणा सरकतात. दोन ठोके वीस-तीस मिलिसेकंदांनी फाकले की ‘धम्’ऐवजी ‘ध-धम्’ ऐकू येतं, त्यामुळे हे सोडून देण्यासारखं नव्हतं. लॅपटॉपवरून खुणा आणताना पहिली चौकट तपासायची ओळ कोडमध्ये आली आणि प्रश्न मिटला.

नमुना हातात घेऊन पहिल्यांदा हळदीला गेलो ती भर दुपार. घामाचा आणि हळदीच्या पाण्याचा हात काचेला लागला की फोनला बोट कुठलं आणि थेंब कुठला ते कळत नाही. पाण्याचा एक थेंब यादीवर पडला आणि यादी आपोआप धावायला लागली. ऑपरेटरने फोन शर्टाला पुसला, त्या पुसण्यात चालू गाणंच बदललं. नवरीची आजी आमच्याकडे अशी बघत होती की विचारू नका. त्या दिवसापासून नुसत्या टिचकीने चालू गाण्याला धक्का लागू शकत नाही. गाणं बदलायचं तर दांडा डावीकडून उजवीकडे पूर्ण सरकवावा लागतो. मधेच सोडला तर परत जागेवर. पुसताना बोट असं सरळ, सलग सरकत नाही.

रात्री दुसराच तमाशा. मी काळ्या पार्श्वभूमीवर लाल आणि पांढऱ्या रंगात लहर काढली होती, स्टुडिओत ती देखणी दिसायची. गाडीवरचे लाईट लाल झाले की काचेवर लाल चमक पसरते आणि काळ्यावरचं लाल काही दिसतच नाही. लाईट निळे झाले की निळी खूण गुल. रंगावर विसंबून चालत नाही हे कळल्यावर सगळ्या खुणा आकारावर नेल्या. चालू गाणं भरीव पट्टी, पुढचं पोकळ, खुणेचा ठोका त्रिकोण. रंग आता फक्त शोभेला आहे.

गाणी आणायची कुठून, यावर पार्टीचा रोख ऑनलाइन सेवांकडे होता. मी विरोधात होते. स्पॉटिफायने १ जुलै २०२० पासून बाहेरच्या डीजे अ‍ॅप्समधून आपली गाणी वाजवणं बंद केलं, तेव्हा त्यावर बेतलेल्या लोकांच्या याद्या एका दिवसात मुक्या झाल्या. शिवाय नारायणगावच्या पुढे आडरस्त्याला वरातीत नेटवर्कचा भरवसा कुणी द्यायचा? आमचं अ‍ॅप फोनमधल्या आणि ओटीजीच्या जोडाने फोनला लावलेल्या पेनड्राइव्हवरच्या फायली वाजवतं. बस्स.

दहा वाजताचा काटा ही मात्र पूर्णपणे ऑपरेटरांची मागणी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, म्हणून गणपतीत तारखा बघाव्या लागतात. दहाला पाच कमी असताना पोलिसांची गाडी कोपऱ्यावर येऊन थांबते आणि ऑपरेटरला शेवटचं गाणं नीट संपवून थांबायचं असतं, मधेच तोडायचं नसतं. म्हणून यादीत प्रत्येक गाण्यापुढे ते दहाच्या आत संपेल की नाही याची खूण येते. शेवटच्या वीस मिनिटांत न बसणारी गाणी आपोआप फिकी होतात. इतकं साधं काम, पण डेमो दाखवताना सगळ्यात जास्त टाळ्या याला.

याच विषयावर पार्टीशी एकदा वाजलं. त्यांना अ‍ॅपमध्ये डेसिबल मीटर हवा होता, म्हणजे पोलिसांना दाखवता येईल. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. गाडीच्या तोंडाशी किती असतो ते मी इथे लिहीत नाही, तिथे उभं राहून आल्यावर माझे कान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाजत होते. फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला. मोठ्या आवाजाला तो आतल्या आत दाबतो, आणि प्रमाणित केलेला नसतो. त्यावरचा आकडा हमखास कमी दिसेल आणि तो दाखवून वाद घालणारा ऑपरेटर अडचणीत येईल. खोटा दिलासा देणारं बटण मी करणार नाही म्हणाले. त्याऐवजी ऑपरेटरच्या कानासाठी काहीतरी करा, असं सुचवलं. हेडफोनचा आवाज फार वेळ चढा राहिला की अ‍ॅप आता तो हळूहळू उतरवतं. ऑपरेटर तो परत चढवतात, ती गोष्ट वेगळी.

खऱ्या वरातीत अ‍ॅप एकट्याने चालवलं ते लॅपटॉप बंद पडला म्हणून, आमच्या योजनेने नाही. जनरेटर झटका देऊन बंद झाला, पुन्हा सुरू होईस्तोवर लॅपटॉप बसला. ऑपरेटरने माझ्या हातातला फोन घेतला, केबल लावली. गाणी सुरू झाली, फर्माइशी सापडल्या, दांडा सरकत होता. आणि मग घरून फोन आला. अँड्रॉइड कॉल आला की बाकी सगळा आवाज थांबवतो, तसा त्याने थांबवला, आणि सगळी वरात माझ्याकडे बघायला लागली. “ताई, घरी सांगून येत जा,” ऑपरेटर म्हणाला. आता वाजवण्याचा भाग उघडताना विमान मोड चालू आहे का ते अ‍ॅप तपासतं, आणि नसेल तर पुढे जाऊ देत नाही.

सध्या हा नमुना ओळखीच्या ऑपरेटरांच्या फोनवर आहे आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा डोळ्यांसमोर ठेवून काम चालू आहे. दोन गोष्टी लोंबकळत आहेत. अँड्रॉइड ११ पासून अ‍ॅपला फोनमधले सगळे फोल्डर मोकळेपणी वाचू देत नाहीत, त्यामुळे पेनड्राइव्ह बदलला की ऑपरेटरला दर वेळी परवानगी द्यावी लागते, आणि गर्दीत ते कुणी करणार नाही. दुसरी गोष्ट पार्टीची. पुढचं गाणं अ‍ॅपने आपणहून निवडावं अशी त्यांची इच्छा आहे. मी मंचरच्या ऑपरेटरला विचारलं, तर तो म्हणाला, “निवडू दे की. पण भांडणाचा कप्पा आधी माझ्याकडून बंद करून घे.” पार्टीबरोबरची पुढची बैठक याच मुद्द्यावर आहे.